पार बांधायच्या आधी

झाडांविषयीचे वाचकांचे प्रश्न आणि कोल्हापूरच्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कोल्हापुरात नोकरीला आहे, गाव पन्हाळा तालुक्यात. गावाबाहेर म्हसोबाच्या माळावर एक वड आहे. आजोबा म्हणायचे, त्यांच्या आजोबांनीसुद्धा तो असाच बघितला होता. गेल्या वर्षी कुणीतरी त्याचं रील टाकलं, तेव्हापासून रविवारी पंचवीस-तीस गाड्या येतात. आता ग्रामपंचायतीनं सुशोभीकरण काढलंय. बुंध्याभोवती गोल सिमेंटचा पार, वर ग्रॅनाइट, खाली पेव्हिंग ब्लॉक, लाइटा, सेल्फी पॉइंट आणि ‘एक हजार वर्षांचा वटवृक्ष’ अशी कमान. गाड्या लावायला अडचण होते म्हणून रस्त्याकडच्या पारंब्या छाटायच्या. मी विरोध केला तर म्हणाले, “आम्ही काय झाड तोडाय लागलोय व्हय? उलट जपायच लागलोय की.” यावर मला उत्तर देता आलं नाही. वड खरंच हजार वर्षांचा असेल का? आणि हेरिटेज म्हणून त्याला कायद्यानं वाचवता येईल का?
– एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि त्याच रविवारी पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून वड बघून आले. वय अडुसष्ट, त्यामुळे वाटेत दोनदा उतरून कंबर सरळ करावी लागली. पिशवीत शिवणाची टेप, सुतळी, वही आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. स्क्रू-ड्रायव्हर कशाला, असं पुतण्यानंही विचारलं. त्याचं पुढं सांगते.

आधी वडाचं सांगते. झाड जिवंत आहे, नुसतं जिवंत नाही, मजेत आहे. निदान माळाकडच्या अंगाला. तिकडं पारंब्या जमिनीत उतरून त्यांचे खांब झालेत, मी अकरा मोजले. खाली वाळक्या पानांचा थर इतका की चप्पल रुतते. फळं पिकलेली होती आणि वर तांबट पक्ष्याचं ‘टुक टुक’ चाललं होतं. हरियालांचा थवा पण होता. हा आपला राज्यपक्षी, पण हिरव्या पानांत हिरवा असल्यामुळे अर्ध्या कोल्हापूरनं तो बघितलेला नाही. वडाचं फळ आपण फळ म्हणतो, पण त्या लाल गोळीच्या आत फुलंच असतात, आणि त्यांचं परागण करणारं एक बारीक चिलट असतं, फक्त वडाचं. उंबराचं वेगळं, पिंपळाचं वेगळं. चिलट नाही तर बी नाही, आणि बी नाही तर तुमच्या आजोबांच्या आजोबांनी बघितलेला वडही नाही.

रस्त्याकडच्या अंगाला मात्र वेगळंच जग आहे. एक जीप थेट मुळीवर चढवून लावलेली, खाली तेलाचा डाग. कागदी प्लेटा, गुटख्याच्या पुड्या. खोडावर खिळ्यानं ठोकलेली क्लासची जाहिरात, आणि बाण मारलेल्या बदामात दोन नावं. (ती वाचली, पण इथं छापत नाही. लग्न झालं असेल तर झाडाची माफी मागून या.) दोन पोरं पारंबीला लोंबकळत होती आणि त्यांचे वडील व्हिडिओ काढत होते.

मग मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. माळाकडं पानं बाजूला करून जमिनीवर धरला आणि तळहातानं दाबला. मूठ सोडून सगळा आत गेला. रस्त्याकडं तोच तसाच दाबला, अर्धं बोटसुद्धा गेला नाही. पुतण्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. काकड्या विकायला बसलेल्या आजी हसत होत्या. “माती न्हाई ती आता, दगूड झालीया,” असं त्या म्हणाल्या. मी तीस वर्षं वर्गात शिकवलं ते त्यांनी एका ओळीत सांगितलं.

‘उलट जपायच लागलोय’ याचं उत्तर त्या स्क्रू-ड्रायव्हरमध्ये आहे. झाडाची पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं पाताळात नसतात. बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांत असतात, आणि पसरतात ती फांद्यांच्या टोकापर्यंत, त्याच्याही पलीकडं. त्यांना नुसतं पाणी पुरत नाही, हवाही लागते. मातीच्या कणांमधली पोकळी पायांनी आणि चाकांनी दाबून गेली की मुळं गुदमरतात. वर आठ-दहा वर्षं काही दिसत नाही. मग शेंड्याकडची एक फांदी वाळते, दुसरी वाळते, आणि गावात कुणीतरी म्हणतं की झाडाचं वय झालं. पेव्हिंग ब्लॉक म्हणजे हाच प्रकार, फक्त सरकारी खर्चानं आणि एका महिन्यात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली आम्ही शाळेच्या आवारातल्या पिंपळाला पार बांधला. शाळेचं नाव नको, पण कल्पना माझीच होती. विटा-सिमेंटचा, तीन फूट उंच, आत भर म्हणून दोन ट्रॉली मुरूम आणि माती. पाया खोदताना मनगटाएवढी मुळं लागली, ती गवंड्यानं कुऱ्हाडीनं तोडली आणि मी बघत उभी होते. बुंधा तीन फूट मातीत गाडला तर साल कुजेल, हे बी.एस्सी.ला शिकलेली बाई मी! सहा-सात वर्षांत पिंपळ वरून वाळत आला. एका वैशाखात वळवाच्या वाऱ्यात अर्धा मोडून सायकल स्टँडवर पडला. रात्र होती म्हणून बरं. पाराच्या उद्घाटनाचा फोटो अजून माझ्याकडं आहे, त्यात मी नारळ वाढवतेय.

तुमचे सरपंच विचारतील की पार तर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मग ती झाडं कशी टिकली? प्रश्न रास्त आहे. जुने पार बहुधा कोरड्या दगडांचे असायचे, चुना-सिमेंट न घालता रचलेले. फटीतून पाणी जायचं, हवा जायची, मूळ जाड झालं की दगड सरकायचा. आणि पुष्कळ ठिकाणी झाड लहान असतानाच पार व्हायचा, म्हणजे झाड पारासकट वाढायचं. दोन-तीनशे वर्षांच्या झाडाभोवती नव्यानं पाया खोदणं ही निराळी गोष्ट. आपल्याकडं काहीही जपायचं ठरलं की पहिल्यांदा सिमेंटचा मिक्सर येतो, ही आपली खोड आहे.

पारंब्यांचं तर मला राहवत नाही. पारंबी म्हणजे वडाची दाढी नव्हे, ती त्याची काठी आहे. आडव्या फांदीला पुढं वजन झेपावं म्हणून ती खाली मूळ सोडते. जमिनीत रुजली की ती खोड होते. ती छाटली की फांदी अधांतरी राहते, आणि मग तीच फांदी ‘धोकादायक’ म्हणून तोडायची. आंध्रात कदिरीजवळ तिम्मम्मा मर्रिमानू नावाचा वड आहे, विस्तारानं जगातला सर्वांत मोठा म्हणून १९८९ साली गिनीज बुकात नोंदलेला. तिथं कोवळ्या पारंब्या मातीनं भरलेल्या बांबूतून खाली उतरवतात, म्हणजे जनावरं खात नाहीत आणि पोरं ओढत नाहीत. तुमच्या गावाला बांबूचा तुटवडा नसावा.

आता वय. वडाच्या खोडात सागासारखी वर्षाला एक अशी स्वच्छ वलयं मिळत नाहीत, शिवाय जुन्या वडाचं मूळ खोड बऱ्याचदा उरलेलंच नसतं. कोलकात्याजवळ हावड्यातल्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला मोठा वड बघा. वादळांत मोडलेल्या त्याच्या मूळ खोडाला बुरशी लागली, म्हणून १९२५ साली ते काढून टाकलं. गेली शंभर वर्षं तो नुसत्या पारंब्यांवर उभा आहे आणि अजून पसरतोच आहे. अशा झाडाचं वय कशावरून काढणार? तेव्हा कमानीवर ‘हजार वर्षं’ लिहू नका. तुमच्या आजोबांचं वाक्य माझ्या मते जास्त मोलाचं आहे. त्यावरून दीड-पावणेदोनशे वर्षं तरी हिशेबात येतात, आणि तो हिशेब कुणाला खोडता येत नाही. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना एकेकट्यानं विचारा, नाव आणि तारीख घालून लिहून ठेवा.

आणि माप घ्या. साताऱ्याकडं जावळी तालुक्यात, वैराटगडाच्या पायथ्याला म्हसवे आहे. लोक गावाला ‘वडाचं म्हसवे’च म्हणतात. त्या वडाची मापं एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी घेऊन ठेवली, म्हणून आज तो तेव्हा किती पसरलेला होता हे आपल्याला कळतं. मी तुमच्या वडाचं घेतलं ते देते. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, मधल्या खोडाचा घेर ९ मीटर ६० सेंटिमीटर. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झाल्यात, त्या धरून. फांद्यांचा पसारा पूर्व-पश्चिम माझी ७१ पावलं, दक्षिणोत्तर ५८. माझं पाऊल लहान आहे. गावातल्या शाळेच्या पोरांकडून टेपनं नीट मोजून घ्या आणि दर पाच वर्षांनी मोजा.

कायद्याचं थोडं निराशेचं आहे. पन्नास वर्षांच्या पुढचं झाड म्हणजे हेरिटेज झाड, ही व्याख्या महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्तीनं आली. पण ती १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात, आणि तो नागरी भागासाठी आहे. ग्रामपंचायतीला तो लागू नाही. म्हणून गावात हत्यार वेगळं घ्यावं लागतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिनं गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ही समिती कागदावरच सापडते, पण कागदावर आहे म्हणजे आहे. ग्रामसेवकाला नोंदवही दाखवा म्हणावं. वडाची नोंद, मापं, त्यावरचे पक्षी, आजोबांची वाक्यं, सगळं त्यात घाला. मग ग्रामसभेत ठराव करा : फांद्यांच्या पसाऱ्याखाली खोदकाम नाही, काँक्रीट नाही, वाहन नाही, पारंबी छाटणं नाही. याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करता येतं. आंबोलीचं हिरण्यकेशीचं ठिकाण २०२१ साली एका बोटभर माशासाठी तसं जाहीर झालं. तीच हिरण्यकेशी पुढं आपल्या आजरा-गडहिंग्लजातून वाहते. पण तो लांबचा रस्ता आहे, ठराव आधी.

नुसता ठराव पुरतो का? भोशाचं सांगते. मिरज तालुक्यातलं भोसे, मिरज-पंढरपूर वाटेवर. यल्लम्माच्या देवळाशी वड होता, लोक चारशे वर्षांचा म्हणायचे. पंढरीला जाताना मी तिथं दोनदा थांबले आहे, डबा खाल्ला आहे. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तुटणार होता. लोक उभे राहिले, बातम्या झाल्या, मंत्र्यांपर्यंत गेलं आणि आराखडा बदलला. आम्ही इकडं पेढे वाटायचे बाकी होतो. दोनच वर्षांनी, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाला, तो वड उन्मळून पडला. तो का पडला याचा निवाडा मी इथं बसून करणार नाही. मला त्या दिवशी एवढंच वाटलं की दोन वर्षं आम्ही सगळे खोडाकडं बघत होतो, आणि खालच्या जमिनीची चौकशी एकानंही केली नव्हती. मीसुद्धा नाही.

येणाऱ्यांना बंदी करावी असं मी म्हणत नाही. मीच बघायला आले होते ना! पण तेलंगणात महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री वड आठवतो. सातशे वर्षांचा म्हणतात. लोक चढायचे, झोके घ्यायचे, आत वाळवी पोखरत होती. २०१७ साली फांदी मोडली आणि पर्यटकांना बंद करावा लागला. पुढच्या वर्षी वाळवीचं औषध सलाइनच्या शेकडो बाटल्यांतून थेंबाथेंबानं त्याला दिलं गेलं. आयसीयूतल्या पेशंटसारखं ते झाड पेपरात छापून आलं होतं. तिथवर जायला नको.

तेव्हा पंचायतीकडं पैसे आलेतच तर ते असे घाला. गाड्या शाळेच्या मैदानाजवळ थांबवा, तिथं मोकळी गायरान जागा मी बघितली, पाच मिनिटांची चाल आहे. फांद्यांच्या टोकाबाहेरून गुडघाभर उंचीची कोरड्या दगडांची ताल घाला, सिमेंट न लावता. म्हसोबाला जायला एकच पायवाट आत सोडा, तीही मातीची, वर पालापाचोळा. बाकं तालीच्या बाहेर, तिथूनच झाड पुरतं दिसतं. बुंध्याशी उभं राहून फोटोत नुसतं खोडच येतं, हे त्या सेल्फीवाल्यांना सांगा. लाइटा नकोत, रात्री तिथं वटवाघळं जेवायला येतात. वाळकी पानं झाडून जाळू नका. रस्त्याकडची दगड झालेली माती कुदळीनं खणायला जाल तर मुळं तुटतील. तिच्यावर वीतभर पालापाचोळा आणि कुजलेलं शेणखत पसरा, बुंध्यापासून हातभर लांब ठेवून, आणि तीन-चार पावसाळे जाऊ द्या. बाकीचं गांडुळं करतात, त्यांना टेंडर लागत नाही.

ग्रामसभेला जाताना भाषण लिहून नेऊ नका. स्क्रू-ड्रायव्हर न्या. सगळ्यांना वडाखाली न्या आणि सरपंचांच्याच हातात द्या. आधी माळाकडं, मग रस्त्याकडं.

प्रश्न : राजारामपुरीत आमच्या अपार्टमेंटच्या दारात मोठा विलायती शिरीष आहे. जागेचे मूळ मालक सांगतात, त्यांनी १९६८ ला घर बांधलं तेव्हा लावलेला. गाड्यांवर फांदी पडेल म्हणून काही सभासद तोडायच्या मागं आहेत. हेरिटेज म्हणजे फक्त वड-पिंपळच का? परदेशी झाडाला काही किंमत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कायदा झाडाची जात विचारत नाही, वय विचारतो. तुम्ही महापालिका हद्दीत आहात, झाड पन्नाशीच्या पुढं आहे, म्हणजे ते हेरिटेज झाड. तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज आला की झाडावर नोटीस लागते आणि हरकत घेता येते. तुमची हरकत लेखी द्या, पोच घ्या. परवानगी मिळालीच तर जितकं झाडाचं वय तितकी रोपं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. बेकायदा तोडलं तर एका झाडाला लाखापर्यंत दंड. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे आकडे मोठ्यानं वाचा आणि पन्नासच्या वर रोपं कुणाच्या गॅलरीत लावायची ते विचारा.

भीती मात्र खोटी नाही. शिरिषाचं लाकूड ठिसूळ असतं, वरचा पसारा जड असतो. पावसाळ्याआधी उद्यान विभागाकडं रीतसर अर्ज करून वाळक्या आणि एका बाजूला झुकलेल्या फांद्या हलक्या करून घ्या. शेंडा उडवू देऊ नका, त्यानं पुढच्या फांद्या आणखी कच्च्या फुटतात. आणि बुंध्याला घट्ट टेकलेल्या तुमच्या त्या पार्किंगच्या फरशा काढा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. राजारामपुरीत कुणी सांगायची वाट बघू नका.

प्रश्न : बाई, वटपौर्णिमेला आमच्या गल्लीत बायका बाजारातून वडाची फांदी आणून घरीच पुजतात. सासूबाई म्हणतात, झाडाला दोरा गुंडाळल्याशिवाय पूजा नाही. झाडाला त्रास कशानं कमी होतो?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सासूबाईंच्या बाजूनं माझं मत. विकायला आणलेल्या त्या फांद्या कुठल्या तरी वडाच्याच असतात, आणि ज्येष्ठात कोवळी वाढ असताना ओरबाडलेल्या असतात. घरी पुजायचंच असेल तर कुंडीतलं वडाचं रोप पुजा, पुढं ते कुठं लावायचं हे घरात ठरवून ठेवा.

झाडाशी जाणार असाल तर सूत साधं कापसाचं घ्या, नायलॉनचं किंवा जरीचं नको. सैल गुंडाळा. निरांजन खोडाला चिकटवून ठेवू नका, कापूर तर मुळीवर अजिबात नको. गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या वडाला एवढं काळं भोक पडलं आहे. आंबे-फणसाचे वाण प्लास्टिकच्या पिशवीसकट तिथं ठेवू नका. आणि आठवड्यानं एकदा परत जा, दोरा सोडवायला. कात्री लागत नाही. पहिल्या पावसात सूत ढिलं होतं, हातानंच निघतं.